कार्बनची जुनी सायकल तपासून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला लागलो की तुम्ही ‘ते राहू द्या, ती ॲलन की इकडे द्या’ म्हणता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

जुनी कार्बनची सायकल घ्यायची म्हटलं की पुण्यात सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणतो, कार्बन एकदा पडला की भंगार. दुसरा म्हणतो, डोळे झाकून घे, काही होत नाही. तुम्ही यातलं काहीच म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, “पैसे दिलेत का?” अजून नाही म्हटल्यावर सायकल स्टँडवर चढवलीत.

विकणारे गृहस्थ सोबत होते. आम्हा दोघांचं लक्ष टॉप ट्यूबवरच्या, म्हणजे सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीवरच्या, बोटभर रेघेवर होतं. सायकल पडताना हँडल गर्रकन फिरून तिथे आदळलेलं. तुम्ही आधी फ्रेम पुसून घेतलीत, टॉर्च तिरपी धरून रेघ पाहिलीत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवून थांबलात. ते भराभर उडून जातं, पण चीर खोल असेल तर तिच्यात मुरतं आणि बाकी सगळं वाळल्यावरही ओली रेघ मागे राहते. इथे काही राहिलं नाही. चीर रंगातच होती.

मग नाणं. मडकं घेताना टिचकी मारून बघतात तशी तुम्ही नळी इंचाइंचाने वाजवत गेलात. बीबीजवळ, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, आवाज बदलला आणि माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा हातातलं काम थांबवून तुम्ही समजावलंत: तिथे कार्बनच्या कापडाचे थर जास्त असतात, आवाज हळूहळू बदलणारच. भ्यायचं ते सलग खणखणीत वाजणारी नळी मधेच बद्द झाली तर, कारण तिथे आतले थर सुटलेले असू शकतात. मग डावा आणि उजवा चेनस्टे, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या, एकाच जागी वाजवून आम्हालाच ऐकायला लावलंत. वर हेही सांगितलंत की नाण्याने शंका कळते, खात्री होत नाही. खात्री हवी तर अल्ट्रासाउंड करून घ्या. स्वतःच्या तपासणीची मर्यादा गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे.

इथवर सगळं ठीक होतं. आम्ही हिशेबाचं बोलायला लागलो आणि तुम्ही स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल करायला घेतलेत. गृहस्थ म्हणाले, तिथे काही लागलेलं नाही हो. तुम्ही म्हणालात, “फोर्क बाहेर काढून बघितल्याशिवाय मी हो म्हणत नाही.” आणि 2006 च्या पॅरिस-रूबे या सायकल शर्यतीची गोष्ट काढलीत. जॉर्ज हिन्कापी या सायकलपटूचा स्टिअरर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची वर स्टेममध्ये शिरणारी नळी, भर शर्यतीत तुटला, हँडल हातात आलं आणि तो खांद्यावर आदळला. तो स्टिअरर तर ॲल्युमिनियमचा होता.

फोर्क खाली आला आणि स्टेमच्या आड दडलेल्या जागी अर्ध्या कड्यासारखी बारीक चीर दिसली. कापसाचा बोळा फिरवलात तर तंतू अडकले. कारणही तुम्हीच शोधलंत. स्टिअररला आतून आधार देणारा प्लग सरकून स्टेमच्या खाली गेला होता. वरून बोल्ट आवळले जात होते आणि आत नळी पोकळ. त्यातून बोल्ट किती आवळायचे ते स्टेमवर 5 न्यूटन मीटर असं छापलेलं असूनही कुणीतरी अंदाजाने, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ते पिळले होते. पोलाद वाकतं, ॲल्युमिनियमला पोचा येतो, नजरेला बहुधा काहीतरी पडतं. कार्बन मात्र वरून गुळगुळीत राहून आतून जाऊ शकतो. आम्ही ज्या रेघेला घाबरून आलो ती निरुपद्रवी निघाली, आणि जिथे बघायचं आमच्या स्वप्नातही नव्हतं तिथे घात होता.

गृहस्थांचा चेहरा उतरला. यावेळी तुम्ही जे वागलात त्यासाठी खरं तर त्यांनीही पत्र लिहायला हवं. ‘फसवणूक’ हा शब्द तुमच्या तोंडी आला नाही. उलट म्हणालात, “साहेब, याच फोर्कवर तुम्ही सिंहगड उतरत होतात. आधी देवाला नमस्कार करा.” ते खाली स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

चीर सांधता येईल का, हे मी विचारलंच. पैसे वाचले तर कुणाला नको असतात? जाणकार माणूस टॉप ट्यूब किंवा चेनस्टे थराथराने घासून, नवं कापड आणि इपॉक्सी बसवून दुरुस्त करू शकतो, असं तुम्ही म्हणालात. स्टिअररला मात्र हात लावणार नाही, फोर्कच नवा. त्याचा व्यास, रेक (म्हणजे चाकाचा आस किती पुढे येतो ते), ब्रेकचा प्रकार, सगळं कागदावर लिहून दिलंत. “भाव तुमचा तुम्ही ठरवा, मी चहा सांगतो,” म्हणत बाहेर गेलात. त्या चहात आमचा सौदा झाला, फोर्कची किंमत वजा करून.

नवा फोर्क बसवताना प्लग नेमका कुठे यायला हवा हे तुम्ही मला हाताने चाचपून बघायला लावलंत. बोल्ट मोजून आवळणारा टॉर्क रेंचही मी आता घेतला आहे. ती रंगाची रेघ तशीच ठेवली आहे, घरच्यांचा तिच्यावर अजून विश्वास नाही.

तक्रार एकच. एवढ्या तपासणीचे तुम्ही पंक्चरच्या वर थोडे एवढेच पैसे घेतलेत. आमच्या रविवारच्या बापदेव घाटवाल्यांपैकी दोघं जुन्या कार्बनच्या सायकली बघताहेत, त्यांना तुमच्याकडेच पाठवतो आहे. दोघंही घासाघीस करतील. ऐकू नका, पूर्ण पैसे घ्या.

आपला,
टॉप ट्यूबवर रेघ असलेल्या सायकलचा नवा मालक