चोर्ल्याने जा

बेळगाव, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात आंबोली घाटाने उतरू की चोर्ला घाटाने, असं विचारलंस. पावसाळ्यातला रविवार असेल तर आंबोलीचं नाव काढू नकोस. धबधब्यापाशी गाड्यांची अशी रांग लागते की पुढच्या गाडीची नंबरप्लेट पाठ होते. चोर्ल्याने जा, आणि सप्टेंबरात जा. जुलैत धबधबे दांडगे असतात खरे, पण धुक्यात ते नुसते ऐकायचे.

पेट्रोल बेळगावातच भर. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडे वळ. किणये, कुसमळी, मग जांबोटी. चहा तिथेच उरकून घे. पुढे रानात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेव. वज्रपोहा धबधब्याची वाट इकडूनच फुटते, पण वनखात्याला विचारल्याशिवाय त्या नादाला लागू नकोस.

जांबोटीनंतर झाडी दाटते. पाण्याने भरलेला खड्डा सपाट रस्त्यासारखा दिसतो, तिथेच लोक फसतात. काठावर चाक आपटलं की टायरची बाजू फाटते, आणि बाजूला पंक्चर काढता येत नाही. स्टेपनीतली हवा बघितल्याशिवाय निघू नकोस.

बेळगावपासून सुमारे 45 कि.मी.वर कणकुंबी. माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून 792 मीटरवर. इथला पाऊस पूर्वेला जाऊन कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो. थोडं पुढे पडलेला घाटातून खाली धावतो आणि मांडवीतून अरबी समुद्राला. दोन समुद्रांची वाटणी गाडीत बसल्या बसल्या ओलांडतोस बघ.

आता घाट. चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतर; बहुतेक ठिकाणी दुसरा, मोकळ्या उतारावर तिसरा. वेग इंजिनाला धरू दे. ब्रेक दाबायचा तो वळणाआधी, नेमका, आणि लगेच सोडायचा. पाय ठेवूनच राहिलास तर लायनर तापतात, ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेल्या ओलीमुळे ते लवकर उकळतं, वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलूनच घे. न्यूट्रल तर बिलकूल नको. चढणाऱ्या गाडीला वाट दे, वळणावर हॉर्न दे.

धुक्यात हेडलाइट खालीच ठेव. वर केलास तर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नकोस, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी काचेवर सोड. खाली दमट हवेत मात्र उलटं होतं: एसीने गार पडलेल्या काचेवर बाहेरून बाष्प धरतं. तेव्हा वायपर फिरव आणि गारवा कमी कर. पुष्कळ जण आतूनच फडकं मारत बसतात!

धबधब्यासाठी थांबायचं तर वळणावर नाही. पुढची रुंद जागा बघ. कड्याला चिकटून उभा राहू नकोस, दगड सुटतात. स्वच्छ कोसळणारं पाणी एकदम तांबडं आलं तर समज, वर माती सुटली आहे. फोटो राहू दे, तिथून हल.

ढग फाटले की उतारावरून खाली अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, चहूबाजूंनी रान आणि मधे शिशाच्या पत्र्यासारखं. परत येताना कणकुंबीच्या नाक्यावर गाडी तपासतात. गोव्याच्या बाटल्यांचं काय करायचं ते तूच ठरव.

घाटाखाली केरीला उतरल्यावर जळका वास आला तर हँडब्रेक न ओढता, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून अर्धा तास थांब. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नकोस, ती वाकते.

तुझा,
विनायक