ओएई पास झालं, तरी बेरा कर

सेलू, जि. परभणी
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

काल फोनवर तू 'बघू रे' म्हणून विषय मिटवलास. तुझ्यामागं बारशाचा गलका चालला होता, म्हणून मीही ताणलं नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. डी.एड.नंतर पहिल्यांदाच तुला पत्र लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तू म्हणालास, दवाखान्यातून सोडताना लेकराच्या कानाला मशीन लावलं आणि 'पास' आलं. ती तपासणी म्हणजे ओएई. कानात बारीक बोंडकं घालून टिकटिक आवाज सोडतात आणि आतल्या शंखाकडून उलट येणारा बारीक आवाज टिपतात. म्हणजे तपासणी शंखापर्यंतच. तिथून मेंदूकडं जाणारी नस काम करते का, हे त्यात कळतच नाही. आणि तुझं लेकरू आठव्या महिन्यातलं, ११ दिवस काचेच्या पेटीत, कावीळ इतकी की रक्त बदलायची वेळ आली होती. फार वाढलेली कावीळ नेमकी त्या नसेच्या वाटेवर घाव घालते. शंख ठणठणीत, ओएई पास, आणि नस मात्र बिघडलेली, असं होऊ शकतं. म्हणून अशा लेकरांची बेरा करायची असते. कपाळाला आणि कानामागं तारा चिकटवतात, लेकरू झोपलेलं असताना आवाज देतात आणि नसेतून लहर वर पोचते का ते पाहतात. सुई नाही, टोचणं नाही. आत्ता दोन महिन्यांचं आहे तोवर पोटभर पाजून निजवलं की काम होतं. मोठं झालं की झोपेचं सिरप पाजून दुपारभर बाकड्यावर थोपटत बसावं लागतं. आम्ही आमच्या लेकीला, चिऊला घेऊन दोनदा तसेच परत आलो होतो; ती झोपायची, तारा लावल्या की टक्क जागी.

चिऊचं कळलं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. अडीच वर्षं, लेका! मी मास्तर, रोज चाळीस लेकरं समोर, आणि घरातलं दिसलं नाही. बायकोला शंका आठव्या महिन्यापासून होती. पाठीमागून हाक मारली की वळत नाही, म्हणायची. आई लगेच स्टीलचं ताट आणून दणकन वाजवायची, चिऊ दचकून वळायची, आणि आई म्हणायची, 'बघ, येतंय की ऐकू. काहून लेकराच्या मागं लागली?' झालं, विषय संपला. खरं म्हणजे साठ-पासष्ट डेसिबलच्या खालचं तिला काहीच येत नव्हतं. ताट यायचं, एसटीचा भोंगा यायचा, पोळ्याची हलगी यायची. माणसाचं साधं बोलणं जेमतेम त्या रेघेवर, आणि त्यातले 'स', 'श' तर तिच्या लेखी नव्हतेच. मग जिभेवर वेखंड उगाळून झालं, पोपटाचा उष्टा पेरू झाला, नवस झाला. तालुक्याच्या एका डॉक्टरनंही सांगितलं, तीन वर्षांपर्यंत थांबा, बोलेल. त्याचा मला अजून राग येतो. त्याहून जास्त माझा येतो, कारण ते 'थांबा' मला ऐकायला लई गोड लागलं होतं.

मामाची पोरगी केली म्हणून असं झालं, असंही लोक बोलले. त्यात तथ्य असू शकतं, जवळच्या नात्यात दोघांकडं एकच लपलेला दोष निघायची शक्यता वाढते. पण दोघांकडं असावा लागतो ना? भावकीनं मात्र सगळं बायकोच्या पदरात टाकलं. असो, तो राग वेगळ्या पत्राचा.

यातली जाणकार माणसं १-३-६ म्हणतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत ऐकायचं मशीन आणि शिकवणं सुरू. अमेरिकेत कोलोराडोमधल्या लेकरांचा एक अभ्यास १९९८ साली छापून आला. त्यात सहा महिन्यांच्या आत बहिरेपण कळलेली लेकरं भाषेत नंतर कळलेल्यांच्या बरीच पुढं होती. आमच्या थेरपीवाल्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी मनात हिशेब केला आणि मान खाली घातली. तुझा तिसरा महिना अजून सरायचा आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी असतं, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आहे, फुकट आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची गाडी येते ना, त्याच कार्यक्रमातलं. पण गाडीची वाट पाहू नकोस. आधी फोन करून बेराचं मशीन चालू आहे का आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे, कोणत्या वारी बसतात ते विचार, नाहीतर हेलपाटा होतो. मशीन बंद असेल तर सरळ खाजगीत कर, दोन-चार दिवसही दवडू नकोस.

समज, काही निघालंच. मग दोन्ही कानांना ऐकायचं मशीन. त्यानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून शंखात बसवायचं यंत्र. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या लेकरांसाठी ते पाच वर्षांच्या आत आहे, म्हणजे तिथंही घड्याळ चालूच. मशीन लावलं की सुटलो असं मला वाटलं होतं. खरं काम तिथून सुरू होतं. कान वाढतो तसा मशीनचा कानात बसवायचा साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारतं, दर थोड्या महिन्यांनी साचा नवा. आपल्याकडचा घाम, पावसाळ्यातली ओल, म्हणून रात्री सिलिका जेलच्या डबीत. सेल लेकराच्या हाताला लागू द्यायचा नाही, गिळला तर जिवावर बेततं. एकदा चिऊनं मशीन सोयाबीनच्या ढिगात फेकलं. आम्ही सगळे ढीग चाळतोय, आणि माझी आई म्हणते, 'अरे, पाखरू अडकलं का यात? चिवचिवतंय.' शिट्टीवरून सापडलं! तेव्हापासून मशीनची खरी राखणदार आई. सकाळी तीच चिऊच्या पाठीमागं बसून आ, ई, ऊ, म, श, स म्हणते आणि ऐकू आलं की चिऊ हात वर करते. ओठ दिसू द्यायचे नाहीत, हे ती मलाच बजावते. ताट वाजवणारी तीच बरं का.

बाकी थेरपी म्हणजे काय, तर बोलत राहणं. टीव्ही बंद, लेकराच्या हातभर जवळ. बायको भाकरी करताना पीठ घेते, पाणी घालते, थापते, टम्म फुगली म्हणते, सगळं तोंडानं. पहिले सात महिने चिऊकडून एक शब्द आला नाही. मॅडम म्हणायच्या, तिचं ऐकण्याचं वय सातच महिने धरा. मग एका सकाळी ती तव्याकडं बोट करून 'तम्म' म्हणाली, आणि बायकोची भाकरी करपली.

आता दुसरीत आहे. वाचते, भांडते. 'साखर'ला अजून 'आखर' म्हणते. पोरं हसतात, मग घरी येऊन मला विचारते, मी चुकीचं काय म्हणलं? तिला तो फरक अजून नीट ऐकू येत नाही. ती अडीच वर्षं मी कुठून आणू?

बेरा चांगली आली, तर मला फोन करून दोन शिव्या घाल, मी आनंदानं खाईन. तरी नऊ महिन्यांच्या आसपास परत एकदा तपासून घे. अशा लेकरांचं ऐकणं कधीकधी नंतरही कमी होतं.

मी गुरुवारी रजा टाकली आहे. पहिल्या गाडीनं निघून तुझ्याकडं येतो, सोबतच जाऊ. डिस्चार्ज कार्ड शोधून ठेव, त्यावर बिलिरुबिनचा, म्हणजे कावीळ किती होती त्याचा, आकडा असेल, तो ऑडिओलॉजिस्ट आधी विचारतील. आणि वहिनींना सांग, सकाळपासून लेकराला जास्त झोपू देऊ नका. झोप तिथं लागली पाहिजे.

तुझा,
जुना बाकसोबती