आधी भूक जाते, मग वाढ थांबते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी पुरवणीत 'झिंकने वाढते उंची, उंदरांवरच्या प्रयोगात सिद्ध' अशी चौकट आली होती. सोमवारी सकाळीच खालच्या मजल्यावरच्या ताई ते कात्रण घेऊन माझ्या दारात, म्हणे काका तुम्ही उंदरांच्या लॅबमध्ये होतात ना, मग पोराला सिरप चालू करू का? म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलं तर कापा पण छापा.

मी एका कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये बरीच वर्षं काढली. उंदराला झिंक, म्हणजे जस्त, कमी पडलं की तो वाढत नाही हे खरंच आहे आणि नवीनही नाही, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३४ सालीच ते दाखवलं गेलंय. पण दाखवायला एवढा उशीर का लागला माहितीये? कारण झिंक नसलेलं खाद्य बनवणंच महाकठीण. झिंक सगळीकडे असतं हो! पिंजरा गॅल्वनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या पत्र्याचा असेल तर उंदीर तो चाटतो आणि प्रयोग संपला, पाण्याच्या बाटलीचं रबरी बूच, साधं नळाचं पाणी, इतकंच काय तर स्वतःच्या लेंड्या, त्या तर उंदीर खातातच, सगळीकडून थोडं थोडं पोटात जातं. म्हणून स्टीलचे किंवा प्लास्टिकचे पिंजरे, डीआयोनाइज्ड (क्षार काढून टाकलेलं) पाणी आणि अंड्यातल्या पांढऱ्यावर बनवलेलं खाद्य, त्यातही वरून बायोटिन हे जीवनसत्त्व घालायचं कारण अंड्याचा कच्चा पांढरा भाग बायोटिन धरून ठेवतो. एवढं सगळं केल्यावर किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी झिंक असलेलं खाद्य तयार होतं. वाढत्या उंदराला किलोभर खाद्यात साधारण १२ मिलिग्रॅम लागतं.

आता खरी गंमत. असं खाद्य दिलं की चार-पाच दिवसांतच उंदीर जेवण टाकतो. एकदम नाही, दोन दिवस कमी, मग एखाद दिवस बरं, परत कमी, असा तीन-चार दिवसांचा फेरा चालतो. उपाशी राहिला की स्नायू झिजतात, त्यातून झिंक सुटतं आणि मग जरा खातो, असं त्याचं कारण मानतात, कारण शरीरात झिंकचा पटकन काढता येईल असा साठा नसतोच. नळीने बळजबरी खाऊ घातलं तर उलट तो आजारी पडतो! म्हणजे भूक जाणं हा त्याचा एक प्रकारे बचावच झाला.

मग वाढ खुंटली ती झिंकमुळे की उपासामुळे? यासाठी झिंक नसलेला गट आणि झिंकवालं खाद्य पोटभर खाणारा गट, यांच्या जोडीला 'पेअर-फेड' नावाचा तिसरा गट ठेवतात. त्यांच्या खाद्यात झिंक भरपूर, पण काल झिंकवाल्या जोडीदाराने... चुकलो, झिंक नसलेल्या जोडीदाराने जेवढे ग्रॅम खाल्ले तेवढेच मोजून द्यायचे. हेही उंदीर बारीकच राहतात, मात्र सहसा झिंक नसलेल्यांपेक्षा थोडे बरे. म्हणजे बराचसा वाटा भुकेचा आणि उरलेला थेट झिंकचा, पेशी वाढायला ते लागतंच. वाढीशी संबंधित आयजीएफ-१ हार्मोनही घटतं, पण ते बाहेरून देऊनही भूक काही परत आली नाही. झिंक दिलं की मात्र एक-दोन दिवसांत उंदीर खाद्यावर तुटून पडतो.

तुमच्या चौकटीत यातलं काहीच नव्हतं. प्रयोग होता कमतरतेचा, हेडिंग झालं उंची वाढवण्याचं! ज्या उंदरांना आधीच पुरेसं झिंक मिळतं त्यांना अजून दिलं म्हणून ते काही घुशीएवढे होत नाहीत, उलट फार दिलं तर तांब्याची कमतरता होते.

माणसांत कमतरता नसतेच असं मी म्हणत नाही. माणसांतली ही कमतरता पहिल्यांदा ओळखणारे, आपल्या बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमधल्या शिराझला २१ वर्षांचा पेशंट भेटला, दिसायला दहा वर्षांचा, खाण्यात बिनखमिराची रोटी आणि माती. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंक बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही. आपली भाकरीही बिनखमिराचीच, पण मोड आणणं, आंबवणं हे आपल्याकडे होतंच की, त्याने फायटेट कमी होतं. त्यावर चार ओळी टाकल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या ताईंना मी एवढंच विचारलं, पोरगा जेवतो का? तर म्हणे दोन्ही वेळा दणकून, वर शाळेतून आल्यावर पोहे. म्हटलं मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिरपची बाटली आणू नका, आणि त्याच्या आजोबांची उंची किती होती ते आधी सांगा. त्या हसल्या आणि कात्रण माझ्याकडेच ठेवून गेल्या, ते सोबत पाठवतोय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे