चार आठवड्यांत मोकळा झालेला खांदा मोजला कोणी?

संपादक महोदय,

अमुक तंत्राने चार आठवड्यांत फ्रोजन शोल्डर मोकळा झाला, असे निष्कर्ष फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधांत सर्रास दिसतात आणि पुढे दवाखान्यांच्या जाहिरातींत येतात. तंत्राबद्दल तक्रार नाही, मोजणी मात्र बरेचदा कच्ची असते. आखडलेला खांदा बहुतेकांचा एक ते तीन वर्षांत बऱ्याच अंशी आपणहून सुटतो. शिवाय माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणे अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर थोडा उतार पडायचाच. अशा वेळी नुसती 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना केली, की शेक, टेप, व्यायाम, काहीही गुणकारी ठरते. दोन गट केले तरी प्रत्येक गटातली सुधारणा ठळक छापायची आणि दोन गटांमधला फरक, जो खरा प्रश्न असतो, तो एका ओळीत उरकायचा, हेही नेहमीचेच.

आता मोजणीच. या आजारात हात बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वात आधी अडते, म्हणून तो कोन मोजतात. रुग्ण उताणा, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, दंडाखाली टॉवेलची घडी. गोनिओमीटरचा (कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा) मध्य कोपराच्या टोकावर, एक पट्टी सरळ उभी, दुसरी मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाच्या रेषेत. तीन वाचने घेऊन सरासरी. एवढे करूनही पाचेक अंशांची चूक धरावीच लागते. पहिल्या दिवशी रुग्णाला बसवून मोजले आणि शेवटच्या दिवशी झोपवून, किंवा शेक दिल्यावर लगेच मोजले, तर उपचाराशिवायही कोन वाढलेला दिसू शकतो. घडी विसरली की दंड मागे पडतो आणि वाचन बदलते. मोजणारा आणि उपचार करणारा एकच असेल तर शेवटच्या दिवशी हात नकळत जरा जास्तच रेटला जातो. रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या सहकाऱ्याने मोजावे; त्याला खर्च काहीच नाही.

प्रश्नावल्यांचीही गत वेगळी नाही. खांद्यासाठीच्या 'स्पाडी' या प्रश्नावलीत 13 प्रश्न आहेत, 5 वेदनेचे आणि 8 हालचालींचे; प्रत्येकाला 0 ते 10 गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. हालचालींतला एक मागच्या खिशातून वस्तू काढण्याचा. या आजाराच्या रुग्णांत चाळिशी ते साठीच्या बायका जास्त. नेहमी साडी नेसणारीला मागचा खिसा कुठून येणार? नियमाप्रमाणे असा प्रश्न 'लागू नाही' म्हणून वगळायचा आणि हालचालींच्या बेरजेला 80 ऐवजी 70 ने भागायचे. तिथे शून्य लिहिले तर 42 गुणांची अडचण 60 टक्क्यांऐवजी साडेबावन्न टक्केच दिसते. एका चौकटीतल्या शून्याने साडेसात टक्के गेले! (वेणी घालणे, पाठीमागचे हुक लावणे हे प्रश्न आपल्याकडे जास्त बोलके ठरतील, पण मधेच प्रश्न बदलले तर प्रश्नावलीची पडताळणी नव्याने करावी लागते.)

नमुना किती, हाही प्रश्न आहे. गुणांचे प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतले गुण सरासरीपासून किती पांगतात ते) 20 धरले आणि 10 गुणांचा फरक 80 टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 63 रुग्ण लागतात; गळती धरून 75. प्रबंधात बहुधा 15-15 असतात. एवढ्यात 20 गुणांच्या वरचाच फरक भरवशाने दिसेल. आणि गळती झाकू नये: बरे वाटले म्हणून न आलेले आणि कंटाळून न आलेले, दोघेही हिशेबात हवेत.

ब्रिटनमधली 'यूके फ्रॉस्ट' चाचणी 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. 35 रुग्णालयांतल्या 503 रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले होते: भूल देऊन खांदा फिरवणे, दुर्बिणीतून सांध्याचे आवरण सोडवणे, आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनासह आखीव फिजिओथेरपी. वर्षाअखेरीस 'ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर' या प्रश्नावलीत (इथे जास्त गुण म्हणजे खांदा चांगला) 48 पैकी सरासरी गुण अनुक्रमे 38.3, 40.3 आणि 37.2. रुग्णाला जाणवावा एवढा फरक कुठेच नाही. फिजिओथेरपीच्या गटात पुढे आणखी उपचार लागणारे जास्त निघाले, हेही आमच्या व्यवसायाने लपवू नये. चार आठवड्यांवर थांबले असते तर यातले काहीच कळले नसते.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्याला हे पेलणार नाही, मान्य. पण पाच-सहा महाविद्यालयांनी एकच आराखडा, एकच प्रश्नावली आणि मोजणीची एकच रीत ठरवली तर दीडशे रुग्ण जमणे अवघड नाही. गटवाटपाची बंद पाकिटे दुसऱ्या विभागात ठेवावीत. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंदणी करावी; 1 एप्रिल 2018 पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. सहा आणि बारा महिन्यांची प्रश्नावली फोनवर भरून घेता येते, कोनासाठी मात्र रुग्णाला बोलवावेच लागेल. तोवर विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असेल, म्हणून रुग्णांची नोंदवही विभागाकडे राहावी आणि ती मोजणी पुढच्या तुकडीने करावी.

— एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक