एनच्या पायाशी एक छोटा एक्स

स.न.वि.वि.

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून मायना कोराच आहे. माझ्या गणितातल्या प्रश्नाला सिद्धता पाठवलीत आणि आभाराची वाटही न पाहता तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाकडे वळलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

एक्सचा एनवा घात घ्यायचा, शून्य ते एकच्या दरम्यान. प्रत्येक आलेख अखंड, कुठेही तुटलेला नाही. पण एन वाढवत नेला की एकच्या अलीकडे सगळं शून्यावर येतं आणि नेमकं एकवर मात्र एकच राहतं. सीमा, म्हणजे हे आलेख ज्याच्याकडे जातात ते फलन, तुटते. हे डोळ्यांना दिसत होतं. संतत, म्हणजे अखंड आलेखाच्या, फलनांची सीमाही संततच असायला हवी, असं 'सिद्ध' करणारी जी सरळ दिसणारी मांडणी आहे, ती नेमकी कोणत्या ओळीत मोडते, एवढंच मी विचारत होते.

तुमच्याआधी उत्तरं आली नाहीत असं नाही. एकाने 'हे उघडच आहे' एवढंच लिहिलं. दुसऱ्याने वहीच्या पानाचा तिरका फोटो पाठवला, त्यात घात कुठला आणि पायाशी लिहिलेला अंक कुठला तेच कळेना. एक आलेख तर फार देखणा होता, पण त्याच्या अक्षांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. हे सगळे जाणकार होते, आणि म्हणूनच मला अजून राग येतो. ज्याला कळलंय त्याने 'उघड' म्हणून दार लावून घेतलं, तर विचारणाऱ्याने जायचं कुठे?

तुम्ही तीच मांडणी पुन्हा लिहिलीत, एकही पायरी न गाळता. आणि 'अमुक एननंतर सीमेपासूनचा फरक हवा तितका लहान होतो' म्हणताना जिथे सगळे नुसता 'एन' लिहून पुढे जातात, तिथे त्या एनच्या पायाशी लाल रंगात एक छोटा एक्स लिहिलात.

बाकी सगळं मी एकवेळ विसरेन, तो लाल एक्स नाही. त्याच्या शेजारी तुम्ही तीन आकडे ठेवले होते. घात अर्ध्याच्या खाली यायला एक्स ०.९ असेल तर एन ७ लागतो, ०.९९ असेल तर ६९, ०.९९९ असेल तर ६९३. प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा एन मिळतो, पण सगळ्यांना मिळून पुरेल असा एकही नाही. पॉइंटवाइज (बिंदूगणिक वेगळा एन) आणि युनिफॉर्म (सगळ्यांना एकच एन) कन्व्हर्जन्समधला, म्हणजे सीमेकडे जाण्याच्या दोन रीतींमधला, सगळा फरक त्या अक्षरात होता. व्याख्या मला पाठ होती, पण तिची गरज का पडली ते त्या दिवशी कळलं.

मग इतिहास वाचला. संतत फलनांच्या अभिसारी (ठरावीक बेरजेकडे जाणाऱ्या) श्रेणीची बेरीज संततच असते, असं फ्रेंच गणिती कोशींनी १८२१ मध्ये छापलं होतं. १८२६ मध्ये विशीतल्या आबेल या नॉर्वेजियन गणितज्ञाने साइन एक्स वजा अर्धा साइन दोन एक्स अधिक एक तृतीयांश साइन तीन एक्स अशी पुढे जाणारी श्रेणी दाखवली. तिचं प्रत्येक पद संतत, पण एक्स 'पाय' (π) या संख्येइतका झाला की बेरीज तिथे उडी मारते. हे त्याने एका तळटीपेत सांगितलं, आणि तेही कसं, तर या प्रमेयाला अपवाद असावेत असं मला वाटतं, इतक्या सौम्यपणे. इतक्या मोठ्या माणसाच्या प्रमेयावर बोट ठेवताना सुटला नाही तो सभ्यपणा मला तुमच्या उत्तरात दिसला. तुमच्याकडे ज्ञान होतं, पण त्याचा धाक नव्हता. सिद्धता दुसऱ्याला देणं म्हणजे 'हवी तिथे थांबा आणि विचारा' असं सांगणं, आणि तुम्ही तशीच दिलीत.

तुमचं ते पान मी एका विद्यार्थिनीला पुढे पाठवलं आहे, उत्तर माझं नाही हे स्पष्ट सांगून. शून्य ते ०.९ एवढाच तुकडा घेतला तर ७ हा एकच एन सगळ्यांना पुरतो, हे तिने आपणहून शोधलं. आता आबेलच्या श्रेणीत π च्या जवळ जाताना एन कसा वाढत जातो, ते ती विचारते आहे. वेळ असेल तर तिच्यासाठीही एक आलेख काढाल का? अक्षांवर नावं घालाल, याची खात्री आहेच.

आपली,
प्रश्न विचारणारी