मावशी, माझ्या हातातली पळी घेतल्याबद्दल

प्रिय मावशी, जय ख्रिस्त.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "जेवलीस का" वर येता, म्हणून हे लिहून काढायलेय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणूनच उघड लिहायलेय, कारण तुम्ही जे केलंत ते आपल्या जालन्यातल्याच काय, कुठल्याही मंडळीतल्या बायकांच्या कामाचं आहे.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या सभांचा शेवटचा दिवस होता. चर्चच्या मागं पत्र्याखाली चूल पेटलेली, येसरच्या आमटीची दोन मोठी पातेली, भात वेगळा, आणि खेड्यांवरून टेम्पो भरभरून लोक येणं चालूच. आत संदेश सुरू झाला, विषय मार्था आणि मरीया, त्या दोघी बहिणी, प्रभू घरी आला तेव्हा मार्था वाढण्याच्या कामात, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि ती मदत करत नाही म्हणून मार्थेनं तक्रार केलेली, स्पीकर आमच्या डोक्यावरच होता त्यामुळं सगळं ऐकू यायचं, की मार्थेसारखं कामात गुंतू नका, मरीयेसारखं प्रभूच्या पायाशी बसा. मला रडू आलं ओ. धुरानं नाही, खरंच. आम्ही सगळ्याजणी उठून आत बसलो असतो तर ती माणसं जेवली कशी असती? तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पदर खोचला, माझ्या हातातली पळी घेतली आणि म्हणालात, "जा माय, आत जाऊन बस. मी पहाटंच बसून आलेय."

ते "पहाटंच बसून आलेय" माझ्या डोक्यातून जाईना. मग नंतर तुमच्या घरी ज्वारी निवडता निवडता तुम्ही सांगितलंत, की नर्सची नोकरी केली तेव्हापासून ड्युटीच्या आधी अर्धा तास गप बसायची सवय आहे, काही मागायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि मग पेशंटकडं जायचं. आणि बायबलातलं मार्क 1 काढून दिलात. कफर्णहूममध्ये संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं, प्रभूनं कितीतरी आजारी बरे केले, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो एकटा रानात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुमचा शोध करायलेत म्हणाला. मी कितीदा वाचलं असेल ते, पण पुढं काय झालं इकडं माझं लक्षच नव्हतं: प्रभू त्या दाराशी परत गेलाच नाही, आजूबाजूच्या गावांना चला म्हणाला. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, "बघ, ऐकलं की कळतं कोणतं काम आपलं आणि कोणतं नाही. नाहीतर जो हाक मारंल त्याच्या मागं पळत बसायचं." माझी सगळी दमणूक त्या एका वाक्यात होती.

आणि मार्थेबद्दल तर तुमचे किती आभार मानू. लूक 10 मधली तीच गोष्ट वाचून तिला गप्प बसवणारे संदेश मी लहानपणापासून ऐकतेय, पण योहान 11 मध्ये त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर वाटेवर जाऊन प्रभूला गाठणारी मार्थाच आहे, मरीया तेव्हा घरात बसून होती. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे आपण प्रत्येक अंत्यविधीला ऐकतो ते वाक्य प्रभू त्या राबणाऱ्या बाईशी बोलला, आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र, हे तिनं तोंडानं कबूल केलं. पुढच्या अध्यायात परत पंगत आहे आणि मार्था वाढतच आहे, फक्त आता तिची कुणाविषयी तक्रार नाही. म्हणजे प्रभूनं तिची पळी काढून घेतली नव्हती, तिची तगमग काढली होती.

पण तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत, हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. मनाची तयारी करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, आमटी कोण ढवळणार ते कुणी सांगत नाही. तुम्ही प्रेषितांची कृत्ये 6 घेऊन थेट पाळकसाहेबांकडं गेलात. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जायलं तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे प्रभूच्या शिष्यांनी, जेवण बंद केलं नाही आणि स्वतःची प्रार्थना पण सोडली नाही, सात माणसं नेमली, आणि ते सातही पुरुष होते, स्तेफन त्यातलाच. आपल्या भागात तरी हे नवीन नको वाटायला, 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या पाद्री नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं तेव्हा तिथं चर्चही आलं आणि शाळाही आली, एकासाठी दुसरं अडलं नाही.

तर मावशी, बातमी अशी की पाळकसाहेबांनी पाळ्या लावल्यात. एका सभेला महिला मंडळ, दुसऱ्या सभेला तरुण संघाची पोरं, भांड्यांना ज्येष्ठ बंधू. मागच्या रविवारी प्रीतिभोजनाला पोरांनी सगळं केलं, भात थोडा करपला, पण आम्ही सगळ्याजणी पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत आत होतो, शेजारच्या काकू तर म्हणाल्या कित्येक वर्षांनी पूर्ण संदेश ऐकला.

आता एकच काम, येसरच्या आमटीचं शंभर माणसांचं प्रमाण पोरांना लिहून द्या, ते मला विचारायलेत आणि मला तुमच्या हाताचा अंदाज नाही. गुडघा कसा आहे तेही कळवा, बुधवारी तेल घेऊन येते.

तुमची लेक,
जालना