वेलचीच्या जामीनदारांबद्दल: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षं माझा दातांचा दवाखाना आहे. गेल्या महिन्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. तक्रार अशी की भाजीतलं तिखट सोसत नाही आणि जांभई देताना गाल आतून ओढल्यासारखा होतो. आम्ही मोजपट्टी नंतर लावतो, आधी रुग्णाचीच बोटं कामाला लावतो. तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जायला हवीत. त्याची दोन कशीबशी गेली. गालाच्या आत बोट फिरवलं तर कातडीखाली दोरी असावी तसा पट्टा लागला, आणि आतला गुलाबी रंग उडून पांढुरका झालेला.

हा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गालाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होण्याचा आजार. याचं मुख्य कारण सुपारी, मग तिच्यात तंबाखू असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे, तेही पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. एकदा पट्टे धरले की तोंड पूर्वीसारखं होत नाही. सुपारी सुटली, व्यायाम केले, इंजेक्शनं दिली तर वाढ थोपवता येते. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग होतो.

"काय खातोस?" मी विचारलं.

"गुटखा नाही सर. नुसता पानमसाला."

मी सुपारीचं सांगायला लागलो. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पण सर, वाईट असतं तर एवढ्या मोठ्या माणसाने जाहिरात केली असती का?"

मंत्रिमहोदय, त्याला त्या वेळी काही धड सांगता आलं नाही. हे पत्र त्यातूनच निघालं आहे.

सिनेनट हे समाजाचे आदर्श आहेत का, या विषयावर आपल्याकडे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून वाहिन्यांच्या चर्चेपर्यंत भरपूर दळण दळून झालंय. मला त्यात रस नाही. नटाने घरी काय प्यावं, किती लग्नं करावीत, कोणाच्या प्रचाराला जावं, हे मी त्याला सांगणार नाही. पडद्यावर त्याने खुनी व्हावं, दारुडा व्हावं, तो त्याचा धंदा आहे आणि तो त्याने नीट करावा. माझ्या पोरांचं चारित्र्य घडवण्याचं काम मी त्याच्याकडे कधी दिलं नव्हतं.

आणि तो मुलगाही नटाची नक्कल करत नव्हता, हे लक्षात घ्या. नटासारखे केस कापणं वेगळं. हा पोरगा खात्री शोधत होता, ती त्याला मिळाली. आमच्याकडे पतसंस्थेतून कर्ज काढताना दोन जामीनदार लागतात. जामीनदार चांगला माणूस आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. पण कर्ज थकलं की नोटीस त्याच्याही दारावर चिकटते, आणि "मी फक्त सही केली होती" हे तिथे चालत नाही. जाहिरातीतला नट हा असा जामीनदार आहे. त्याने सही केली, सहीचे पैसेही घेतले. पुढचं मात्र माझ्या खुर्चीवर येऊन बसतं.

हे तुमच्या कायद्याला माहीत नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २१ पाहा. दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर ती करणाऱ्या नामवंताला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय एक वर्ष आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत कुठलीही जाहिरात करायला मनाई. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट म्हटलं की अशा जाहिरातीला नामवंत मंडळी उत्पादकाइतकीच जबाबदार आहेत. म्हणजे जामीनदारी कागदावर आहे. नोटीस कितीदा निघाली, हा माझा प्रश्न आहे. तो आकडा तुमच्या खात्याने जाहीर करावा.

आता वेलचीकडे येतो, कारण त्या मुलाने पाहिलेली जाहिरात दिसायला वेलचीची असते. पानमसाल्याच्या नावाने वेलची विकायची, तेच नाव, तीच अक्षरं, तेच रंग, आणि जाहिरातीत हिरो चिमूटभर दाणे तोंडात टाकतो. पाहणाऱ्याला काय आठवायचं ते आठवतं. त्या मुलाच्या भेटीनंतर मी बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर गेलो आणि त्या नावाची वेलची मागितली. टपरीवाल्याने हात माळेकडे नेला आणि पानमसाल्याची पुडी तोडून पुढे केली. बरोबर तंबाखूची छोटी पुडी, न मागता. म्हटलं, वेलची हवी, जाहिरातीतली. तो माझ्याकडे बघून हसला. "डॉक्टर, ती टीव्हीवरच मिळते."

गावातल्या आणखी चार टपऱ्या आणि दोन किराणा दुकानं फिरलो. वेलची सुटी मिळाली, तोळ्यावर. त्या नावाची पुडी एकाही ठिकाणी नाही. पानमसाल्याच्या माळा मात्र टपरीटपरीवर, आणि हे त्या राज्यात, जिथे गुटखा आणि पानमसाल्याच्या विक्रीवर जुलै २०१२ पासून बंदी आहे. बंदीचं काय झालं, ते राज्य सरकारला वेगळं विचारीन. तुमच्याकडचं काम वेगळं आहे.

केबल टीव्हीच्या नियमांत २००९ साली एक दुरुस्ती झाली. तंबाखू-दारूच्या नावाचंच दुसरं उत्पादन टीव्हीवर दाखवायचं तर सनदी लेखापालाचा दाखला लागतो: ते उत्पादन पुरेशा दुकानांत मिळतं, आणि जाहिरातीचा खर्च त्याच्या विक्रीच्या मानाने अवाजवी नाही. छान नियम आहे. खाली पानमसाल्याचा हिशेब न धरता, नुसत्या वेलचीच्या विक्रीवर क्रिकेटच्या सामन्यांमधल्या जाहिराती आणि दोन-तीन मोठ्या नटांची मानधनं भागत असतील, तर वेलची पिकवणारा शेतकरी एव्हाना हेलिकॉप्टरने फिरायला हवा होता.

तुमच्या खात्याची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आडून केलेल्या जाहिरातीला मनाई करतात. पण लगेच खाली एक परंतुक आहे: नुसतं ब्रँडचं नाव सारखं असलं म्हणून ती छुपी जाहिरात धरू नये, जर ती अन्यथा आक्षेपार्ह नसेल. दार बंद करून खिडकी उघडी ठेवली, आणि सगळी वरात खिडकीतून गेली.

नटांची बाजूही सांगतो, कारण सगळे एका माळेचे मणी नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी पानमसाल्याच्या एका ब्रँडशी करार मोडला, पैसे परत केले आणि ही छुपी जाहिरात असल्याचं आपल्याला ठाऊक नव्हतं असं सांगितलं. ठाऊक नसणं मला पचायला जड जातं, पण पैसे परत करणं सोपं नसतं, ते मान्य. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी वेलचीच्या जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली, मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाले. हेच गृहस्थ थिएटरात सिनेमाआधी लागणाऱ्या सरकारी जाहिरातीत सिगारेटऐवजी सॅनिटरी पॅडवर पैसे खर्च कर, असं नंदूला समजावत होते. तर माफीच्या त्याच निवेदनात एक वाक्य होतं, ज्यावर फारशी चर्चा झाली नाही: कराराची मुदत संपेपर्यंत कंपनी जाहिरात दाखवत राहू शकते. म्हणजे माणूस बाहेर पडला, चेहरा आत राहिला. जामीनदाराने सही मागे घेतली आणि कर्जवाटप चालूच!

जाता जाता एक. पडद्यावर नटाने सिगारेट पेटवली की खाली इशाऱ्याची पाटी येते, २०१२ पासून सिनेमात आणि सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही. हरकत नाही. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि तंबाखू चघळणारे, तोंडात धरणारे २४.४ टक्के. धुराला पाटी आहे. आमचं दुखणं गालात आहे, आणि तिथे हिरो वेलचीचा डबा घेऊन उभा आहे.

तेव्हा मागणं एवढंच. ते परंतुक काढा, किंवा निदान ज्या नावाने पानमसाला विकला जातो त्या नावाला ते लागू नाही असं एका ओळीत लिहा. लेखापालांचे दाखले माहिती व प्रसारण खात्याकडून मागवून संकेतस्थळावर टाका. वेलची कुठल्या गावात किती विकली जाते, ते आम्हीच पडताळून सांगतो, दवाखान्यात पेशंट नसला की वेळ असतोच. कलम २१ मध्ये पुरेशी चौकशी केलेल्याला सूट आहे. ती चौकशी म्हणजे वकिलाचं पत्र नव्हे, हा दाखला स्वतः पाहिल्याची सही, असं ठरवा. दहा लाखांचा दंड कोटींच्या मानधनापुढे चहापाण्याचा खर्च आहे, तो मानधनाच्या पटीत बांधा. आणि ज्याने जाहीरपणे अंग काढून घेतलं, त्याचा चेहरा आठवड्याच्या आत सगळीकडून उतरवणं कंपनीवर बंधनकारक करा, करार काहीही म्हणो.

तो मुलगा पुढच्या सोमवारी परत येणार आहे. रोज सकाळ-संध्याकाळ दातांच्या मध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून तोंड ताणायचं, दर आठवड्याला एक काडी वाढवायची, असा व्यायाम दिलाय. पुड्या निम्म्यावर आल्यात म्हणतो. खरं-खोटं गाल सांगेल.

आणि हो, दिल्लीत कुठल्या दुकानात ती वेलची मिळत असेल, तर एक पुडी पावतीसह पाठवून द्यावी ही विनंती. त्याला आणि टपरीवाल्याला, दोघांनाही दाखवायची आहे.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक दंतवैद्य